वीस पटीची दुर्बीण

संपादकांचं पत्र आलं, की आपण सारा जन्म बंदुकांत काढलात, तेव्हा दिवाळी अंकासाठी एखादी थरारक हकिकत द्या, वाघाची असल्यास उत्तम. सोलापुरात वाघ! इथल्या माळावर सावलीपुरतं झाड शोधायला अर्धा दिवस जातो, वाघ कुठून आणू? लांडगे आहेत, काळवीट आहेत. बाकीची श्वापदं माझ्या दुकानात खुर्चीवर बसून चहा पीत असत. त्यांचीच हकिकत देतो, संपादकांनी गोड मानून घ्यावी.

माझं दुकान बंदूक दुरुस्तीचं. वडील गिरणीत मागांची दुरुस्ती करत. मी मोठ्या लढाईच्या काळात पुण्याला लष्करी कारखान्यात रायफली उघडायला आणि पुन्हा जोडायला शिकलो. लढाई संपल्यावर सोलापुरास परतलो, परवाना काढला आणि दुकान मांडलं. लोक मला मिस्त्री म्हणत. चाप हलका करून देणं, फुटलेला दस्ता सांधणं, वाकलेली नळी ठोकून सरळ होत नसते हे गिऱ्हाइकाला समजावणं, ही माझी रोजची कामं. काम चोख होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारी दुसरी माणसं आता फारशी उरली नाहीत. पुढे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी विलायतेहून येऊ लागल्या आणि माझ्या दुकानात अकलेचा दुष्काळ पडला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हातभर लांबीची नळी असते, दोन्ही टोकांना काचा, आत केसासारख्या तारांची फुली. रायफलीच्या नळीवर ती बसवायला दोन उभे आधार लागतात, त्यांना आम्ही घोड्या म्हणायचो. दुर्बीण किती पटीची, हा पहिला प्रश्न. पाच पटीच्या दुर्बिणीतून पाचशे वारांवरचं निशाण शंभर वारांवर असल्यासारखं दिसतं. एवढं कळलं की माणूस लगेच म्हणतो, मग वीस पटीची द्या की! बहुतेकांची बुद्धी याच मुक्कामाला उतरते आणि पुढचं तिकीट काढत नाही.

अहो, दुर्बीण निशाण मोठं करते तशी तुमची थरथरही मोठी करते. तुमचा श्वास, तुमची नाडी, सकाळी चढवलेले दोन कप चहा, सगळं वीस पटीनं त्या फुलीत नाचतं. शिवाय पट वाढली की उजेड आटतो. दुर्बीण हातभर दूर धरून डोळ्याकडच्या काचेत पाहिलंत तर प्रकाशाची एक टिकली दिसते. आठ पटीच्या दुर्बिणीत ती ज्वारीच्या दाण्याएवढी असते, वीस पटीच्या दुर्बिणीत मोहरीएवढी. डोळा त्या मोहरीवर बरोबर बसला तर दिसणार, जरा हलला की काळोख. आणि या सगळ्यांवर आमचं सोलापुरी ऊन. दहा वाजले की जमिनीतून झळ उठते. नुसत्या डोळ्यांना ती जाणवत नाही, पण वीस पटीतून पाहा, समोरचा फलक उकळत्या कढीसारखा हलतो. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, कधी मारणार, कशावर मारणार, किती वारांवरून. सकाळी थंड हवेत, स्थिर बैठकीवरून, कागदावर मारायचं असेल तर खुशाल वीस घ्या. आमच्याकडच्या भर दिवसाला आठ, फार तर दहा. पण मला विचारायला कोण आलं होतं? सगळे सूचीपत्रातला सर्वांत मोठा आकडा विकत घ्यायला आले होते.

दुर्बीण पारखायची सोलापुरी पद्धतही ऐका. सकाळचा भोंगा झाल्यावर गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं आणि दुर्बिणीतून गिरणीच्या फाटकावरची अक्षरं वाचायचं. मोठमोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं. ज्या दुर्बिणीतून चौकीदाराच्या मिशा मोजता येतील ती चांगली. एक वकीलसाहेब तर पायरीवरून कुणाच्या तरी गच्चीत वाळत घातलेली धोतरं पाहून म्हणाले, "वा! काठ कोणत्या पेठेचा तेसुद्धा ओळखू येतं!" मी म्हटलं, वकीलसाहेब, धोतरावर गोळी झाडायची आहे का? ते रागावले, पण पंधरा पटीची घेऊन गेले. आठवड्यानं तक्रार घेऊन हजर. साठ पावलांवर काळवीट उभं होतं, त्यांना दुर्बिणीत नुसते केस दिसले. कुठल्या भागाचे ते ठरेपर्यंत काळवीट अक्कलकोटच्या वाटेला लागलं होतं.

आणखी एक गृहस्थ दसऱ्यानंतर आले. म्हणे, दुर्बीण बिघडली, सगळं तांबडं दिसतं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची तशी त्यांनी केली होती, पण गंध-कुंकू लावायला त्यांना सबंध रायफलीत एकच जागा सापडली, पुढची काच. वर तेलही लावलं होतं, चकाकी यावी म्हणून. ती काच साफ करायला मला दुपार लागली. गृहस्थ खुर्चीत बसून मला सांगत राहिले, की विलायती मालात पूर्वीचा दम राहिला नाही.

या मंडळींत मुकुटमणी म्हणजे रावसाहेब. सरकी काढायचा कारखाना, दोन मोटारी, आणि नेमबाजीच्या मंडळाचं अध्यक्षपद. गोळी स्वतः फारशी झाडत नसत, झाडली तर लोक मागे सरकत असत. पण त्यांच्या कारखान्याच्या फाटकावर धोंडिबा नावाचा पहारेकरी होता. सांगोल्याकडचा धनगर, लढाईत परमुलखात जाऊन आलेला. पलटणीत त्याचं काम एकच, लांबच्या खंदकातलं जे हलेल ते टिपायचं. माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिलेला सर्वांत चांगला नेमबाज हाच. रायफल खांद्याला लावली की हा माणूस दगडी व्हायचा. बोलणं मोजकं. परत आला तेव्हा दुष्काळानं मेंढरं संपवली होती. बायको आणि म्हातारी आई बायकोच्या भावाकडे टेंभुर्णीला एका पडवीत राहत होत्या, आणि हा कारखान्याच्या फाटकापाशी पत्र्याच्या खोपट्यात. सहा वर्षं असं चाललं होतं.

तेव्हा दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानाला आपल्या पोलिसांना नेमबाजी शिकवणारा माणूस हवा होता. पगार बरा, राहायला दोन खोल्यांचं घर. संस्थानिक हौशी. त्यांनी कळवलं, की आम्ही सोलापुरास येतो, मंडळानं सामना ठेवावा, सहाशे वारांवरून दहा गोळ्या, जिंकेल त्याला घेऊन जातो. धोंडिबा हे सांगायला माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता.

"दोन खोल्या हायती, मिस्त्री," तो म्हणाला. "म्हातारीला येक आन् आमाला येक. बायको इचारत हुती, दाराला कडी आसल का? म्हनलं, आसल की."

रायफल रावसाहेबांची, शिकारीची, उत्तम नळीची. आपला माणूस संस्थानात मास्तर होणार म्हणून रावसाहेब फुगले होते. ते धोंडिबाला घेऊन दुर्बीण निवडायला आले, सोबत कौतुक करायला पाचसहा मंडळी. वेळ भर दुपारची होती. माझ्याकडे आठ, दहा आणि वीस पटीची अशा तीन होत्या. धोंडिबा पायरीवर उभा राहिला नाही. तो रस्त्याच्या कडेला धुळीत पोटावर पडला आणि तिन्ही दुर्बिणींतून दूरच्या एका रिकाम्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिला. येणारेजाणारे हसले. उठून त्यानं आठ पटीची माझ्या हातात दिली.

"ही बास हाय. हितं उनाचं पानी कुटनं कुटं व्हातंय ते कळतंय, म्हंजी वारा कळतो. त्या मोठ्या दुर्बिनीत निस्तं उकळतंय."

हे ऐकून मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं मी जे घसा कोरडा करून सांगत होतो ते या माणसानं धुळीत पडून अर्ध्या घटकेत ओळखलं होतं. मी रावसाहेबांना म्हटलं, तो सांगतो ते बरोबर आहे, आठचीच घ्या.

रावसाहेबांनी वीस पटीची उचलली. "सर्वांत भारी ही. संस्थानिक पाहायला येणार आणि माझ्या रायफलीवर सर्वांत हलकी दुर्बीण?"

मी त्यांना झळ, उजेड, थरथर सगळं पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मंडळींकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही लोखंड घासा. काचेतलं तुम्हाला काय कळतं?"

मंडळी खदखदून हसली. मी म्हटलं, "घ्या, वीसचीच घ्या." ते मी गोड आवाजात म्हटलं. मनात म्हणत होतो, घे बाबा, चांगली तोंडावर आपट. आपटणार रावसाहेब, हेच तेवढं माझ्या डोळ्यांपुढे होतं. रायफल खांद्याला कोण लावणार आहे, याचा विचार मी केला नाही.

यापुढचा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. रायफलीवर दुर्बीण नसली तरी नेम धरायची सोय असते. नळीच्या टोकाला माशी म्हणजे बारीक टोक, आणि मागे नळीवर खाच. खाचेतून माशी पाहायची, माशी निशाणावर ठेवायची. पलटणीचे लोक जन्मभर असंच मारतात. या रायफलीची खाच नेमकी जिथे होती तिथे दुर्बिणीची पुढची घोडी येत होती. चांगल्या कारागिरानं अशा वेळी उंच घोड्या बनवाव्यात. मग दुर्बीण खाचेच्या वरून जाते, आणि हवी तेव्हा दुर्बीण उतरवून खाचेवर मारता येतं. मला त्या बनवता येत होत्या. पोलाद दुकानात पडलेलं होतं. धोंडिबा संध्याकाळी एकटा येऊन सांगूनही गेला, "खाच तेवडी ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. उनानं दगा दिला तर खाचंवर मारीन."

पण माझं डोकं तापलेलं होतं. रावसाहेबांच्या हट्टासाठी दोन दिवस कानस घासत बसू? मी लोखंड घासणारा ना, मग घेतलं घासून. खाच ताव देऊन सोडवली, जागा कानशीनं गुळगुळीत केली, बुटक्या घोड्यांवर वीस पटीची दुर्बीण बसवली. धोंडिबा रायफल न्यायला आला. त्यानं त्या गुळगुळीत जागेवरून एकदा अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि रायफल घेऊन गेला.

सामन्याला नऊ दिवस होते. रोज उजाडता धोंडिबा चांदमारीवर जाऊन सराव करी. सकाळच्या गार हवेत वीस पटीची दुर्बीण काय ती चालायची! दहापैकी दहा गोळ्या फलकाच्या मधोमध असलेल्या काळ्या चांदात. रावसाहेब फलकाचे कागद खिशात घालून गावभर दाखवत फिरले. माझ्या दुकानातही येऊन दाखवले. मी म्हटलं, छान आहे. सामना सकाळी सातला होता, तेव्हा मीही मनाशी म्हणू लागलो, की चाललं, निभावेल.

सामना सातला सुरू होतो तो विलायतेत. आमच्याकडे प्रमुख पाहुणे आले की सुरू होतो. सात वाजता मंडळाचे सगळे पदाधिकारी हार घेऊन माळावर उभे. आठ वाजता निरोप आला, की सरकारांचं स्नान व्हायचं आहे. नऊ वाजता, की पूजेला बसले आहेत. दहाला कळलं, की फराळ चालू आहे. मी चिटणिसांना म्हटलं, पाहुणे येतील तेव्हा येतील, गोळ्या आत्ता झाडून घ्या, ऊन चढतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवरदेव यायच्या आत लग्न लावा म्हणालो. हार सुकले, सरबत गरम झालं, आणि बाराच्या सुमारास मोटारीची धूळ दिसली. पाहुणे येऊन छत्रीखाली बसले, प्रास्ताविक झालं, रावसाहेबांचं भाषण झालं. मग सामना सुरू झाला.

पहिला मारणारा पोलिसातला एक जमादार होता. सरकारी रायफल, साधी खाच, साधी माशी. त्याच्या डोळ्याला झळ दिसतच नव्हती, दूरवर एक काळा ठिपका होता आणि त्याखाली माशी धरायची होती. दहापैकी सात चांदात. नेमबाज म्हणून माणूस बेताचाच. धोंडिबानं डोळे मिटूनही त्याला हरवलं असतं.

धोंडिबा आडवा झाला. दुर्बिणीला डोळा लावून पुष्कळ वेळ तसाच राहिला. मग मान वर करून मागे उभ्या असलेल्या रावसाहेबांना म्हणाला, "चांद गावंना झालाय, सरकार. दुदावानी वर येतुया आन् उतू जातुया."

रावसाहेबांनी वाकून दुर्बिणीत पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. आणि मग त्या माणसानं जे केलं त्याची मी बिलकूल अपेक्षा केली नव्हती. त्यांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "चुकलं माझं. मिस्त्री, काढा ती दुर्बीण. धोंडिबा, तू आपला साध्या नेमावर मार."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "खाच नाही. काढली."

"का काढली?"

"वीस पटीची बसवायची तर काढावीच लागते," मी म्हटलं.

हे धादांत खोटं होतं आणि तिथे ते खोटं आहे हे कळणारा एकच माणूस होता. तो पोटावर पडलेला होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर त्या माळावर माझी अब्रू उरली नसती. त्यानं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

दर गोळीला मिनिटाचा अवधी होता. धोंडिबा झळ जरा बसायची वाट पाहायचा, मिनिट संपत आलं की चाप ओढायचा. पहिल्या तीन चांदात गेल्या, कशा त्या मला अजून कळलेलं नाही. मग वारा पडला आणि उकळी वाढली. चौथी बाहेर, पाचवी बाहेर. सहावी आणि सातवी आत. आठवी बाहेर. नववी आत, म्हणजे सहा झाल्या. शेवटच्या गोळीला त्याच्या मानेवरून घामाची धार वाहत होती, पण रायफल तसूभर हलत नव्हती. बार झाला. सहाशे वारांवर फलकाखालच्या खंदकातल्या माणसानं लाल बावटा आडवा हलवला. चांदाच्या बाहेर, दोन बोटं. सहा.

जमादाराला हार घातला गेला. धोंडिबानं रायफल पुसली, रावसाहेबांच्या मोटारीत ठेवली आणि चालत कारखान्यावर गेला, कारण दुपारच्या पाळीचा पहारा त्याचाच होता. टेंभुर्णीला त्यानं काय कळवलं ते मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

गावानं सगळा दोष रावसाहेबांना दिला. त्यांनीही तो घेतला. त्या सामन्यानंतर त्यांनी अध्यक्षपद सोडलं. आणि मी? मी त्या गोष्टीवर दुकान चालवलं. कुणी गिऱ्हाईक मोठ्या पटीचा हट्ट धरून बसलं की मी रावसाहेबांची हकिकत सुरू करायचो. त्यांची ऐट, त्यांचं बोलणं, मोटारीची धूळ, सुकलेले हार, सगळं नकला करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे आणि आठ पटीची घेऊन जायचे. गोष्ट इतकी रंगायची की ऐकायला म्हणून माणसं यायची.

असंच एकदा दुकानात चारपाच जण जमले होते. धोंडिबा रावसाहेबांची बंदूक तेलपाणी करून न्यायला आला होता आणि दाराशी उभा होता. केस पिकले होते, नोकरी तीच. नव्या गिऱ्हाइकांनी त्याला ओळखलं नाही. त्यांतला एक म्हणाला, मिस्त्री, ती वीस पटीची गोष्ट होऊन जाऊ द्या. मी नको म्हणायला हवं होतं. पण सवय लागलेली, आणि नको म्हणायला काही कारण द्यावं लागलं असतं. मी सांगितली. सगळे हसले. धोंडिबाही जिथे हसायचं तिथे हसला.

मंडळी गेली. मी बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं ती न्याहाळली, चाप ओढून पाहिला, काम पसंत पडल्यासारखी मान हलवली. मग बंदूक खांद्याला अडकवत म्हणाला, "मिस्त्री, गोष्ट लई झ्याक सांगता. खाचंचं तेवडं सांगायचं ऱ्हायलं."

आवाजात राग नव्हता. कुणी विसरलेली छत्री आणून द्यावी तसं तो बोलला आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर मी ती गोष्ट दुकानात पुन्हा सांगितली नाही. मागच्या वर्षी धोंडिबा फाटकावरच्या त्याच खोपट्यात वारला. म्हणून आज लिहिली आहे, खाचेसकट.